छपरावरची पाटी

आमच्या फिरत्या नेत्रतपासणी गाडीच्या छपराला भोकं पाडली ती आमच्याच संस्थेनं, हे आधी सांगून टाकते. नंतर जे कागद झाले त्यांत हे कुठंच आलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय संस्थेत मी डोळे तपासायचं काम करत होते. एका मिनीबसमधल्या सीटा काढून आत खुर्ची, अक्षरांचा तक्ता, भिंगांची पेटी आणि चहापुरता ओटा बसवला होता. आम्ही दोघंच गावोगाव फिरायचो, मी आणि ड्रायव्हरमामा. मामा पन्नाशीचे, कमी बोलणारे. उन्हाळा संपत आला की ते शिडी लावून छपरावर चढायचे, पत्र्याच्या सांध्यांवरून बोट फिरवायचे आणि जिथं फट दिसेल तिथं सिलिकॉन भरायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

एका देणगीदारानं गाडीच्या नूतनीकरणाला पैसे दिले. नूतनीकरण म्हणजे रंग आणि छपरावर त्यांच्या वडिलांच्या नावाची भली मोठी पाटी. अध्यक्ष स्वतः उभे राहून ती बसवून घेत होते. मिस्त्रीनं ड्रिल काढल्यावर मामा पुढं झाले.

"साहेब, पत्र्याला भोक पाडू नगा. दोरीनं आवळून बांधूया की पाटी."

"दोरीनं? बरं दिसेल का ते?" अध्यक्ष म्हणाले. "आणि तुम्ही गाडी चालवायचं बघा."

आठ भोकं पडली, आठ स्क्रू बसले, फोटो निघाले.

पुढच्या पावसाळ्यात ओट्याच्या वरचा प्लाय ओलसर लागू लागला. मामांनी सगळे स्क्रू काढून खाली रबर घातलं, पण पाटीला वारा लागला की स्क्रू हलायचे आणि रबर फाटायचं. पाटी काढून भोकं कायमची बुजवायला हवी होती आणि मामांना तो अधिकार नव्हता. ते सांगायचे, मी अर्ज लिहायचे. सलग तीन वर्षं, दर उन्हाळ्यात एक. आवकचा शिक्का मारून पोच घ्यायचे. पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुसऱ्याला आलं, 'पुढील सभेत विचार करू.' तिसरा मी सचिवांच्या हातात दिला, तर ते हसले. "छपराचं काय एवढं घेऊन बसलाय मॅडम?"

त्याच जुलैत कुरुंदवाडला शिबिर होतं. सकाळपासून पाऊस कोसळत होता. खुर्चीत एक म्हातारी बसली होती आणि मी तिच्या डोळ्यांपुढं भिंग धरलं होतं. एवढ्यात वरचा फुगलेला प्लाय तुटला आणि गढूळ पाण्यासकट तिच्या मांडीवर पडला. उरलेली धार भिंगांच्या उघड्या पेटीत.

तिला लागलं नाही. पदर पिळत ती म्हणाली, "डोळं तपासाय आलीया बाई, आंगूळ कराय न्हाय."

बाहेरची रांग हसली. मला मात्र शरमेनं तिच्याकडं बघवेना. पेटी पुसून आम्ही परत आलो. महिन्याभरात भिंगांवर बुरशी चढली आणि तपासणी बंद पडली.

मग चौकशी बसली. टेबलापलीकडं अध्यक्ष, सचिव आणि आणखी एक सदस्य. मामांना उभं ठेवलं होतं, मला खुर्ची दिली होती. सचिवांनी वाचून दाखवलं, "वाहनाच्या देखभालीत चालकाची हयगय."

मी तिन्ही अर्जांच्या पोचा टेबलावर ठेवल्या. 

"गाडी कुणाची, साहेब?" मी विचारलं.

"संस्थेची."

"मग छप्पर कुणाचं? उद्घाटनाला गाडी तुमची आणि गळायला लागली की मामांची?"

"आवाज खाली, मॅडम," सचिव म्हणाले. पोचांवरचा शिक्का त्यांच्याच ऑफिसचा होता. त्यांनी त्या उचलून बघितल्यासुद्धा नाहीत. अध्यक्षांनी शेवटी उदारपणा दाखवला. मामांनी माफीचं पत्र द्यावं, विषय इथंच संपेल.

मामांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पोचांशेजारी ठेवली. "माफी न्हाय देत," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी राजीनामा दिला नाही. नोकरीची गरज होती, हे खरंच आहे. पण त्या दिवशी उठून त्यांच्यामागं जाता आलं असतं, याचा राग अजून माझ्यावरच आहे. तीन वर्षं मी अर्ज लिहीत बसले आणि आपण काहीतरी केलं असं समजत राहिले, त्याचाही आहे.

ती गाडी आवारातच सडली. दोन हजार सालानंतर दुसरी आली. तेव्हा मी अडून बसले. छपराची दरवर्षीची तपासणी आणि खर्च संस्थेचा, असं लेखी मिळाल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नव्हते. भांडून, चार महिने घरी बसून, तो कागद मिळवला.

काही महिन्यांनी तो घेऊन मी गडमुडशिंगीला मामांच्या घरी गेले. ते आता एका शाळेची बस चालवत होते. त्यांनी कागद लांब धरून पूर्ण वाचला.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "पर वर कोन चढतंय?"

 गाडी येऊन वर्ष होत आलं होतं आणि छपरावर कुणीच चढलं नव्हतं. संस्थेनं नाही आणि मीही नाही. मामांनी चहा पाजला, पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिडी मागितली. शिडी नव्हती. शेजारच्या रंगाऱ्याची आणली, पदर खोचला आणि चढले. सचिव खिडकीतून बघत होते. छपरातल्या हवेच्या झडपेभोवतीचं रबर दोन ठिकाणी उचललं होतं. मी वरूनच त्यांना हाक मारली आणि म्हटलं, वर या, दाखवते.