नळीतली नारिंगी दोरी

जुबेदाचं आणि माझं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, हे एका परीनं बरंच झालं. गोड बोलून गेली असती तर मलाच संशय आला असता. दवाखान्यातून तिनंच फोन केला होता. आवाज पार बसलेला, आणि मी 'कशी आहेस' म्हणायच्या आत तीच म्हणाली, "रायफल पुसून ठेवली का गं? नळीत दोरी घातली का?" मी म्हटलं, "अगं, तुला सलाईन लागलंय आणि दोरीचं काय घेऊन बसलीस?" ती खोकली, दम घेतला... आणि म्हणाली, "सलाईन माझ्या हाताला लागलंय. तुझ्या डोक्याला काय झालंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधावरची साय काढत होते, तेव्हा तिच्या लेकीचा, नस्रीनचा फोन आला. "सुमनखाला, अम्मी गेली." साय तशीच चमच्यात राहिली. तेलगावहून बीडला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिच्या टोमण्याला उत्तर शोधत होते.

नीट रडावं म्हटलं, तर लोकांनी रडू दिलं नाही. आधी संताप आणला. त्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या चौकात तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. चेहरा तिच्या पासपोर्टच्या फोटोतला, ओठ घट्ट मिटलेले, आणि खाली धड भलत्याच कुण्या बाईचं. त्या धडाच्या हातात रायफल, नळी थेट रस्त्याकडे, बोट चापात अडकवलेलं. वर 'वाघीण' आणि 'मर्दानी'. खाली तिच्यापेक्षा मोठ्या तोंडाचे पुढारी हात जोडून हसताहेत. जिनं उभ्या आयुष्यात रिकाम्या बंदुकीचंही तोंड माणसाकडे वळू दिलं नाही, तिला मेल्यावर ढाब्यावर जेवणाऱ्या समस्त ट्रकवाल्यांवर नेम धरायला लावलं. आणि ते बोट! नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर, नळीला लागून सरळ, हे शिकवताना पोरींच्या बोटांवर फुटपट्टी मारणारी बाई ती. फ्लेक्स बनवणाऱ्याला एकाही पोरीला विचारावंसं वाटलं नाही.

तिला ओळखत नसलेल्यांसाठी सांगते. जुबेदाचे वडील बीडमध्ये बंदुका दुरुस्त करायचे. भाऊ मोठे झाले तसे फळांच्या धंद्यात गेले, आणि वडिलांच्या कानसी, पेचकस, तेलाच्या कुप्या हिच्या वाट्याला आल्या. कॉलेजात आम्ही दोघी एनसीसीत होतो. मी सार्जंट झाले, ती झाली नाही, कारण ती वरिष्ठांना उलट बोलायची. ते सार्जंटपण माझ्या अंगात असं काही मुरलं की लग्नानंतर कित्येक वर्षं मी भाजीवाल्यालाही ते ऐकवत असे. पुढे मांजरसुंब्याच्या अलीकडे, मुरमाच्या बंद पडलेल्या खाणीत, रीतसर परवानगी काढून रायफल क्लबची चांदमारी सुरू झाली. तिची सगळी व्यवस्था जुबेदाकडे आली, पोरींना नेमबाजी शिकवणंही. तिन्ही बाजूंना उंच दरड, समोर मातीचा जाड भराव, आणि गोळी झाडणाऱ्यांसाठी चुन्यानं मारलेली पांढरी रेघ. दर रविवारी ती रेघ ती स्वतः मारायची. पोरींनी मारलेली तिला वाकडी वाटायची.

आता माझी फजिती. उसाच्या राखणीसाठी आमच्या ह्यांच्याकडे परवान्याची रायफल होती. तिच्यावर त्यांनी हौसेनं दुर्बीण बसवून आणली. दुसऱ्या दिवशी क्लबची स्पर्धा, आणि दुर्बिणीचा झिरो करायचा होता, म्हणजे दुर्बिणीतली फुली जिथं टेकेल तिथंच गोळी लागेल असं दोघींचं जुळवायचं होतं. हे म्हणाले, "जुबेदाबाईंना दाखव." मी म्हणाले, "त्यात काय दाखवायचं?" चाळिशी ओलांडलेली बाई मी, डोळ्यांवर काळा चष्मा, पदर कमरेला खोचलेला, वाळूच्या पोत्यांमागे अशी आडवी झाले जणू सरहद्द माझ्यावाचून अडली होती. पहिली गोळी डावीकडे गेली. मी स्क्रू फिरवला. दुसरी वर गेली, दुसरा स्क्रू फिरवला. तिसरी कुठं गेली ते तिचं तिलाच ठाऊक. मी परत फिरवला. डबी रिकामी होत आली आणि निशाण मात्र माझ्या मैदानात उतरण्याआधी होतं तसंच कोरं. मग मी वाऱ्याला बोल लावला, काडतुसांना लावला, शेवटी ह्यांना लावला.

जुबेदा मागे उभी राहून बघत होती. पोटभर बघून झाल्यावर म्हणाली, "कावून फिरवायलीस? रेडिओचं स्टेशन लावायलीस का?" मग तिनं "थांब" म्हटलं, मला बाजूला सारलं आणि आधी दुर्बिणीला हात लावला. दुर्बीणच हलत होती. तिच्या बुडाचे स्क्रू ढिले, आणि मी वरचे पिळत बसलेली. चूल डुगडुगत असताना मी तव्याला शिव्या देत होते, असं म्हणा. तिनं बूड घट्ट आवळलं. रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या मागे बंद होणारा खटका, काढून स्वतःच्या खिशात टाकला. वाळूच्या पोत्यांत रायफल पक्की बसवली आणि मला म्हणाली, "आता मागून नळीतनं बघ. काय दिसतंय?" मोकळ्या नळीच्या गोल भोकातून पलीकडचं निशाण दिसत होतं, अगदी मधोमध, खिडकीत चंद्र यावा तसं. "आता रायफल हलवू नकोस. वरून दुर्बिणीतनं बघ." फुली भलतीकडेच, भरावावरच्या बाभळीवर. तिनं स्क्रू हळूहळू फिरवत फुली निशाणावर आणली. एक गोळी न झाडता अर्धं काम झालं होतं. मी तोवर डबी संपवली होती.

मग बोल्ट परत घालून तिनं मला तीन गोळ्या दिल्या. "तिन्ही एकाच जागी नेम धरून मार. मधी स्क्रूला हात लावलास तर बोट मोडीन." तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एकमेकींच्या शेजारी, निशाणाच्या जरा खाली. त्या तिघींचा मध्य बघून तिनं स्क्रू एकदाच फिरवला, आणि पुढच्या तीन काळ्या ठिपक्यात. "एका गोळीचं ऐकून फिरवत बसलीस की जन्मभर तिच्या मागं पळशील," ती म्हणाली. "ती चुकली का तू चुकलीस, हे एकीवरनं कसं कळंल?" स्पर्धेत मी शेवटून दुसरी आले. पण आजही सुनेच्या हातची भाकरी करपली तर मी लगेच बोलत नाही. तीन होऊ देते. मग बोलते.

गोळीबार संपला की ती प्रत्येक रायफलीचा बोल्ट काढायला लावायची आणि नळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी नायलॉनची दोरी ओवायची. दोन्हीकडे शेपटं दिसली म्हणजे नळी मोकळी आहे, हे लांबूनही कळतं. आणि तिचा सगळ्यात कडक नियम 'थांब'चा. चांदमारीवर कुणीही, अगदी चहा घेऊन आलेल्यानंही, 'थांब' म्हटलं की जो जिथं असेल त्यानं हातातलं खाली ठेवायचं आणि चुन्याच्या रेघेमागे जायचं. का, कशाला, हे नंतर. एकदा मी विचारलं, "कुणी गंमत म्हणून ओरडलं तर?" ती म्हणाली, "तर उगंच मागं गेलो. काय झिजलं?"

हे वेड तिला कुठून लागलं ते मला माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ अन्वर लहानपणी गेवराईला नातेवाइकांच्या गच्चीवर झोपला होता. लांब कुठल्याशा वरातीत कुणीतरी आनंदाच्या भरात हवेत बार काढला. वरात कुणाची हेही कधी कळलं नाही. गोळी अन्वरच्या खांद्यात आली. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. तेव्हापासून हवेत बार काढणाऱ्याला जुबेदा एकच विचारायची, पुरुषांसारखं 'बे' लावून. "वर गेलेली गोळी कुठं जाते बे? अल्ला झेलून घेतो का?"

म्हणून मला त्या शोकसभेचा राग अजून उतरलेला नाही. सभा चांदमारीवरच ठेवली. तोच फ्लेक्स तिथं आणून उभा केला. रेघेच्या पुढे, जिथं माणसानं कधी उभं राहायचं नसतं, तिथं सतरंज्या आणि खुर्च्या. नस्रीन पाहुण्यांच्या गराड्यात अडकलेली, तिला कुणी विचारलं नाही. एक पुढारी आले. नाव लिहीत नाही, छापून आलं तर त्यांना आनंद होईल. त्यांच्या माणसानं माइकवर जाहीर केलं, "आता साहेब स्वतः हवेत फैरी झाडून आपाला मानवंदना देतील." साहेबांनी कमरेचं पिस्तूल काढलं. सगळीकडून मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेत खुर्चीवर अन्वर बसला होता, एक हात मांडीवर ठेवलेला. त्याचा चेहरा मी बघितला... आणि मला वाटलं, ही गोळी वर गेली तर जुबेदा आज खरी मरेल.

मी सत्तरी पार केलेली, गुडघे धरलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. कॉलेजातला सार्जंटचा आवाज कुठं शिल्लक होता कोण जाणे. मी म्हटलं, "थांब."

तिच्या पोरी उठल्या. आजच्या शाळकरी होत्या, जुन्याही होत्या. एकीच्या कडेवर लेकरू, एक पोलिसाच्या वर्दीत. हातातली फुलं, मोबाइल, पर्स सगळं जिथल्या तिथं खाली ठेवलं आणि काही न विचारता रेघेमागे जाऊन उभ्या राहिल्या. नस्रीन गेली, मीही गेले. त्यांचं बघून बाकीची मंडळीही गडबडून मागे सरली. माइक जोडून देणाऱ्या पोऱ्यानं हातातली वायर खाली ठेवली, तो दर रविवारी चहा आणायचा. शेवटी अन्वर उठला आणि धडक्या हातानं आपली खुर्ची मुरमावरून खरडत रेघेपर्यंत ओढत नेली. पुढे एकटे साहेब राहिले, हात वर, आणि मागे धडावर चिकटवलेली जुबेदा, ओठ मिटून बघत असलेली.

"आजी, हा मान असतो," साहेब म्हणाले.

"असंल," मी म्हटलं. "मॅगझिन काढा, पिस्तूल मोकळं करून दाखवा. मग आमी पुढं येतो. तोवर आमी हितंच हाओत."

त्यांनी वर्दीतल्या पोरीकडे बघितलं. ती सरळ त्यांच्या हाताकडे बघत होती. साहेबांनी मॅगझिन काढलं, आतली गोळी काढली, तोंडातल्या तोंडात पुटपुटत सगळं खिशात घातलं, आणि त्यांना एकाएकी दुसरा कार्यक्रम आठवला. गाड्यांची धूळ बसल्यावर नस्रीननं फ्लेक्स उतरवला. मग सगळ्यांना मागेच थांबवून तिनं चुन्याची रेघ पुन्हा मारली, माणसांच्या पायांनी पुसली होती म्हणून. थोडी वाकडी आली. तशीच राहू दिली.

आमच्या कपाटात ह्यांची रायफल आहे. दार उघडलं की आधी नारिंगी शेपूट दिसतं. ती दोरी जुबेदानं स्वतः ओवलेली, आमच्या दोघींच्या शेवटच्या रविवारी, आणि टोकाला तिनं मारलेली गाठ आहे. म्हणजे फोनवर विचारलं तेव्हा दोरी नळीतच होती, आणि तिला ते पक्कं माहीत होतं. तरी विचारलं... परवा चांदमारीवर जाताना मी दोरी ओढून काढली, गोळ्या मारून झाल्यावर परत ओवली. गाठ मात्र सोडली नाही.