काकाचे खिसे

आमच्या तारकर्लीच्या काकाइतका खिशांवर विसंबलेला माणूस साऱ्या किनाऱ्यावर सापडायचा नाही. हाताला लागेल ते खिशात घालायचं आणि घातल्याक्षणी विसरायचं, हा त्याचा जन्माचा नेम. सावंतवाडीच्या एका लग्नात त्याने कोटाच्या खिशातून काढून अक्षता उधळल्या, त्यांत जाळ्याला बांधायची शिशाची गोळी निघाली. फोटोत नवरदेवाच्या कपाळावरचं टेंगूळ अजून दिसतं. घरात काहीही हरवलं की काकू आधी त्याची खुंटी तपासायची. फक्त माझ्या बाबांचा, म्हणजे काकाच्या थोरल्या भावाचा, मोराच्या आकाराचा, चोच तुटलेला पितळी अडकित्ता तेवढा कधी मिळाला नाही. "तुझ्याच खिशात आसतलो," बाबा म्हणत. काकाने सगळे खिसे उलटे करून दाखवले, रवळनाथाची शपथ घेतली आणि वर महिनाभर अबोला धरला. बाबा गेले ते अडकित्त्याशिवायच.

पुढे दोन हजार सहा साली दिल्लीला काकाच्या मुलीला मुलगी झाली. पहिली नात आणि पहिलं विमान! काका पंधरा दिवस जमिनीवर नव्हताच. बारशाच्या आदल्या दिवशी तो लग्नकार्यातला एकुलता कोट चढवून मला घेऊन चार तास आधी गोव्याच्या विमानतळावर हजर झाला, आणि त्याने काचेतून विमानं बघण्यात ते चारही तास घालवले. शेवटची हाक आली तेव्हा आम्ही तपासणीकडे धावलो. खिशांतून मासे धरायची गरी निघाली, काकूची कपाटाची किल्ली निघाली, भिकबाळीसुद्धा निघाली. तरी यंत्रातून गेलेला कोट जवानाने बाजूला घेतला, फाटक्या खिशात कोपरापर्यंत हात घातला आणि अस्तरातून पितळी मोर बाहेर काढला. चोच तुटलेली होती.

"दादा खरांच सांगी होतो रे," काका एवढंच म्हणाला.

जवान भला माणूस. हे पात्याचं हत्यार विमानात चालणार नाही, सामानात घालायचं तर काउंटर बंद झालंय, इथे टाका आणि पळा, असं त्याने समजावलं. काकाने एकदा विमानाकडे पाहिलं.

"नातीक परवा बघतलंय. ह्यो हंय टाकून मी जावचंय नाय."

बारसं हुकलं. आम्ही रेल्वेने निघालो. गाडी सुटल्यावर काकाने सुपारी कातरली, पहिलं खांड माझ्यापुढे धरलं, मग हात मागे घेतला. "ह्यो दादाचो वाटो," म्हणत त्याने ते कोटाच्या त्याच फाटक्या खिशात टाकलं. ते अस्तरात घरंगळत गेलेलं मला ऐकू आलं.