कौतिक आबांच्या गाडीचे मिटणारे आरसे

गॅरेजात काम करणाऱ्याच्या नखांतलं ग्रीस एक वेळ निघतं, डोक्यातले किस्से काही निघत नाहीत. आमचं गॅरेज जळगावला, पिंप्राळ्याच्या रस्त्यावर. इंजिन बघायचे यशवंत नाना, वायरिंग बघायचो मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाड्या किती आल्या नि गेल्या, पण चहाला बसलो की विषय निघतो तो कौतिक आबांच्या गाडीचाच!

*

आबांचं बियाण्यांचं दुकान होतं. मुंबईच्या कोणाकडून तरी त्यांनी एक जुनी जपानी गाडी घेतली. आत बटन दाबलं की बाहेरचे दोन्ही साइड मिरर मोटरवर आपोआप मिटायचे. म्हणजे मिटायला हवे होते! उजवा मिटायचा, डावा नुसता 'कर्र कर्र' करायचा.

नानांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "आबा, आरसा मिटायचा कशाला? मागचं बघायचं नसलं तर बघू नये!"

आबांना सगळंच चालू हवं होतं. ते अहिराणीत म्हणाले, "गाडी पुरी लिधी शे ना मी? मंग बठ्ठं चालाले पाहिजे!"

*

मी मिरर खोलला. आत धूळ, सुकून खडा झालेलं ग्रीस आणि प्लास्टिकचं एक इवलंसं गिअर, दात पडलेलं. जळगावात मिळेना म्हणून एसटीने धुळ्याला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला म्हटलं, "आरशाचं गिअर पाहिजे."

त्याने मला खालून वर न्याहाळलं. "ट्रकचं देतो, ट्रॅक्टरचं देतो. आरशाचं पाहिजे तर न्हाव्याकडे जा!"

*

शेवटी लेथवाल्याकडून पितळेचं गिअर बनवून घेतलं. पण आरसा आता मिटायचा नाही, झडप घालायचा! आबा बाहेर वाकून त्याच आरशात मिशा सारख्या करत होते आणि नानांनी आतून बटन दाबलं. फटाक्! आबांची टोपी थेट काळ्या ऑइलच्या ट्रेमध्ये!

आबांनी टोपी दोन बोटांत उचलली, निथळू दिली आणि म्हणाले, "जोर शे बरं का!"

*

मोटरचा जोर कमी करायला पुन्हा खोललं. परत जोडताना नानांकडून डावीकडच्या दोन वायरी उलट लागल्या. झालं! एक आरसा मिटला की दुसरा उघडायचा.

आबा गाडी तशीच घेऊन बाजारात गेले. परत आले तेव्हा नाना मागच्या बाजूने सटकायच्या बेतात होते. आबा गाडीतूनच ओरडले, "नाना! हात नका लावू! बठ्ठा पोरे म्हनतस, आबानी गाडी नाचस!"

आठवडाभर नाचली. मग नातीचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी स्वतःहून वायरी सरळ करून घेतल्या. "लगीनमा वऱ्हाडले नाचू द्या, गाडी नको!"

*

लग्न बोदवडला. मांडवासमोर गाडी थांबली, नवरदेव उतरला. आबांनी ऐटीत बटन दाबलं आणि दोन्ही आरसे हळूच मिटले. ओवाळायला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या अक्कांना वाटलं, गाडीने हात जोडले! त्यांनी गाडीला उलट नमस्कार केला, दोन्ही आरशांना कुंकू लावलं आणि नवरदेवाला म्हणाल्या, "देखा जावाईबोवा, गाडीले बी रीत कळस. वाका आते!"

*

आता शेवटचा. आबा धंद्याच्या कामाला धुळ्याला निघाले, मलाही सोबत घेतलं. शहरात शिरल्यावर म्हणाले, "इकडून शॉर्टकट शे," आणि गाडी एका अरुंद गल्लीत घातली. मधोमध पोचलो. उजवीकडे एका घराचा ओटा, डावीकडे विजेचा खांब; आरसे मिटल्याशिवाय गाडी पुढे जाईना. आबांनी बटन दाबलं. काही नाही! फ्यूज उडालेला. काचाही त्याच फ्यूजवर, खाली येईनात. दारं उघडायला जागा नाही. मागे हातगाड्यांची रांग.

"आबा, आता?"

आबा समोर बघत हळूच म्हणाले, "हाई घर मना धाकला भाऊनं शे."

भाऊ इथे राहतो हे मला नवीनच होतं. एवढंच ठाऊक होतं की शेतातल्या विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं, कित्येक वर्षं! नातीच्या लग्नालाही तो आला नव्हता.

घराचं दार उघडलं. बनियनवर एक म्हातारा बाहेर आला. अगदी आबांसारखंच नाक! त्याने गाडी बघितली, मग आत बसलेल्या आबांना बघितलं. मग तो पुढे आला आणि दोन्ही हातांनी जोर लावून उजवा आरसा मिटवला. बॉनेटपुढून वळसा घालून डावाही मिटवला. परत आबांच्या काचेशी येऊन बराच वेळ काहीतरी बोलला. बंद काचेतून मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आबा मात्र मान हलवत राहिले.

गाडी पुढच्या मोकळ्या जागेत लावली. आबा उतरून भावाच्या मागोमाग घरात गेले. मी डिकीतून पेटी काढली, फ्यूज बदलला, बटन दाबून बघितलं. दोन्ही आरसे झकास! ओट्यापाशी जाऊन हाक मारली, "आबा, झाली दुरुस्त! निघायचं का?"

आतून आवाज आला. आबांचा नव्हे, आबांना सांगणाऱ्या धाकट्याचा!

"त्याले सांग, आज बिघडेलच ऱ्हाऊ दे!"