दगडोजीचा बेकायदेशीर मृत्यू

माझा मृत्यू आळेफाट्याला, माझ्याच दुकानाच्या काउंटरवर, रविवारी सकाळी साडेअकरा वाजता झाला आणि तो पूर्णपणे बेकायदेशीर होता. या गोष्टीला बरीच वर्षे झाली. नातेवाईक म्हणतात, आता सोडून द्या. का सोडू? ज्याने मारले तो आजही माझ्याच घरी येऊन मटणाच्या रश्श्यावर ताव मारतो!

मी ट्रॅक्टरच्या जुन्या स्पेअर पार्टचा धंदा करतो. गॅरेजात चिंध्या धुण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या हिमतीवर दुकान टाकले. भाव करण्यात जुन्नर-आंबेगावात मला तोड नाही. (माझी बायको मंगलही असेच म्हणते, फक्त सूर वेगळा असतो.) म्हणूनच आक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, फोन केला होता.

"शीतलनं कॉलेजातला एक पोरगा पसंत केलाय. डिंगोऱ्याचा हाय. तू बघ, भाऊ. तू हो म्हणलास तर आमचं हो, न्हाई तर न्हाई."

शीतल म्हणजे माझी भाची, इंजिनिअरिंग करून पुण्यात नुकतीच नोकरीला लागलेली. ती त्या अविनाशला घेऊन दुकानात आली आणि पोह्यांची वाट न बघता पिशवीतून वह्या, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा काढून बसली.

"मामा, प्रश्न विचारून माणूस कळत नाही. एक डाव खेळू. अविनाश पंच."

खेळ असा. पंच गोष्ट सांगणार, आपण त्या गोष्टीतले वीर. राक्षस आला की फासा टाकून मारामारी करायची. जेवढ्याचा मार बसेल तेवढे प्राण वजा, प्राण संपले की वीर मेला. प्रत्येक वीराला दोन चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शक्ती. दुकानातच बसलेली मंगल झाली जादूगारीण, शीतल तिरंदाज, आणि मी ढाल-तलवारवाला दगडोजी. माझी पहिली चिठ्ठी 'ढाल पुढे': शेजाऱ्यावरचा वार आपल्या ढालीवर घ्यायचा, मार निम्माच बसतो. दुसरी 'उलट वार': आपल्यावर वार झाला की लगेच फिरून हाणायचे.

"दोन घेतल्या, तिसरी वर टाका," मी म्हणालो.

"मामा, नियमात दोनच आहेत."

"अहो, भाजीवाली कोथिंबीर वर टाकते, तुम्हाला एक चिठ्ठी जड झाली?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्याने 'चवताळणे' नावाची चिठ्ठी दिली. चवताळून हाणले की दुप्पट मार!

"मागची बाजू वाचून घ्या, मामा," तो म्हणाला.

फुकटात मिळालेल्या मालाची मागची बाजू कोण वाचतो?

घाटातल्या गुहेतून राक्षस निघाला आणि त्याने सोटा उगारला तो थेट मंगलवर. तिच्या जादूगारणीचे प्राण उरले होते पाच.

"मेले वाटतं मी," मंगल म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

"बस खाली! ढाल पुढे!" मी गरजलो.

लग्नानंतर प्रथमच तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिले. (ते साधारण चार मिनिटे टिकले.)

अविनाशने फासा टाकला. "सोळाचा वार. ढालीमुळे आठ. तुमचे प्राण बारा, म्हणजे उरतील..."

"थांब, लिहू नको!" मी त्याची पेन्सिलच धरली. "आधी माझा उलट वार!"

"नाही मामा. वार मामींवर होता. उलट वार फक्त स्वतःवरच्या वाराला."

"मार कोण खातंय? मी! मग वार कुणाचा? माझा! माझ्या नावावर कर तो!"

तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर दारात आला. "शेठ, फॅनचा पट्टा हाय का?"

"पावणं, तुमी सांगा. माणसानं बायकोवरचा सोटा अंगावर घेतला. उलटा सोटा कुणी हाणायचा?"

"ज्यानं मार खाल्ला त्यानं. यात काय इचारायचं?"

अविनाशने नियमांची वही चाळली, विचार केला आणि मान हलवली. "मान्य. वार आता मामांच्या नावावर. मामींचा त्याच्याशी संबंध संपला. उलट वार मिळेल."

जिंकलो! शहाणा माणूस इथे थांबला असता.

"आणि चवताळून!" मी काउंटरवर मूठ आपटली. "दुप्पट!"

शीतलने कपाळाला हात लावला. अविनाश म्हणाला, "मामा, नक्की?"

"नक्की म्हणजे? लिही!"

त्याने चिठ्ठी उलटी केली आणि वाचले, "चवताळलेल्याला ढाल वापरता येत नाही. ढाल नाही, म्हणजे पूर्ण सोळा. प्राण बारा. दगडोजी गेला."

"मग तो वार मंगलला परत दे!"

(कौतुक संपले ते इथे.)

"मामींचा संबंध नाही. तुम्हीच नावावर करून घेतलात."

"मग राग परत घेतो!"

तो माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघू लागला. तिथे मीच पैसे मोजून रंगवून घेतलेली पाटी होती: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"निदान मरता मरता उलट वार?"

"मेलेल्याला उलट वार करता येत नाही, मामा."

"पंचाचं बराबर हाय, राव," ड्रायव्हर म्हणाला. "आता पट्टा देता का?"

"नाय देत!"

माझे डोके फिरले. मी फोन ओढला आणि आक्काचा नंबर फिरवायला घेतला. "अविनाश, शेवटचा भाव सांगतो. दगडोजीला उठव, मी हो म्हणतो. नाही उठवलास, तर न्हाई!"

शीतलचा चेहरा पांढरा पडला. अविनाशचे कान लालभडक झाले.

"मामा, मला शीतलशीच लग्न करायचंय. तुमच्या पाया पडतो. पण दगडोजी मेला."

"आणि मामा," शीतल म्हणाली, "यानं त्याला उठवला असता, तर मीच नाही म्हणाले असते!"

उभ्या आयुष्यात मी भल्याभल्यांना भावात खाली आणले आहे. हा पोरगा तसूभर हलेना! पलीकडे आक्काने फोन उचलला. "काय रे भाऊ, कसा हाय पोरगा?"

"हेकट आहे! उद्धट आहे! एक पैशानं खाली येत नाही!"

"मग न्हाई म्हणू?"

"हो म्हण! हा हातातून सुटला तर माझं भांडण अर्धवट राहील!"

लग्नात मामा म्हणून मी शीतलच्या पाठीशी उभा होतो. मध्ये अंतरपाट, पलीकडे अविनाश. भटजींनी मंगलाष्टकासाठी श्वास घेतला, तेवढ्यात मी अंतरपाटावरून म्हणालो, "आधी ढालीवर वार बसला, मग मी चवताळलो. क्रम बघ!"

पलीकडून आवाज आला, "पेन्सिल तुम्ही धरली होती, मामा. वार बसलाच नव्हता."

भटजींनी दोघांकडे रोखून पाहिले. मंगलने तर अक्षतांची अख्खी मूठ नेम धरून माझ्या तोंडावर मारली. हा वार सरळ माझ्यावरच होता, त्यात पंचालासुद्धा शंका आली नसती. मीही मुठीत अक्षता घट्ट धरल्या, हात उगारला आणि मुकाट्याने खाली घेतला.

मेलेल्याला उलट वार करता येत नाही.