पाटाखालचं कातडं

सोलापुरात फरचा कोट! ऐकणारा हसायचाच. इथं उन्हाळ्यात अंगावर मलमल सोसत नाही. पण माझे यजमान क्वेट्ट्याच्या थंडीत, छावणीत फरचं शिवणकाम शिकून आलेले, आणि गावातल्या एका साहेबाची मड्डम विलायतेला निघालेली. तिच्या कोटाची कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर दुरुस्तीला आमच्या घरी आली.

ती शिवली माझ्या नणंदेनं. भावाकडून तिनं सगळं शिकून घेतलं होतं. फरला कात्री लावायची नाही, केस तुटतात; कातडं पालथं घालून मागनं पात्यानं चिरायचं. केसांचा कल एकाच बाजूला ठेवायचा, कडेला कड भिडवून बारीक टाके घालायचे, मध्ये आलेले केस सुईच्या टोकानं आत ढकलायचे. मग कातडं मागनं ओलं करून, ताणून, केस खाली ठेवून फळीवर खिळ्यांनी ठोकायचं. वाळायच्या आत काढलं की ते आक्रसतं. फळी नव्हती, म्हणून तिनं आमचा मोठा पाट उलटा करून त्याच्या खालच्या अंगाला ठोकलं.

त्या कातड्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. महादेव खुशाल व्याघ्रचर्मावर बसतो, पण आमच्या घरात मेलेला कोल्हा म्हणजे विटाळ! त्यातून कातडं वाळत होतं त्याच दिवशी नणंदेला बघायला अक्कलकोटची माणसं यायची होती. तिचं वय वाढत चाललेलं, आधीचे नकार सासूबाईंच्या जिवाला लागलेले. मी कुणाला न सांगता तो पाट भिंतीला टेकवून ठेवला, कातडं भिंतीकडे करून.

मुलाचे मामा जेवणाआधी पूजेला बसतो म्हणाले. सासूबाईंना बिचाऱ्यांना दिसायचं कमी. त्यांनी तोच पाट उचलला, वरून पुसला आणि मांडला. मामा बसले, कपाळाला भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं. सांगावं तर सोयरीक मोडते, न सांगावं तर देवाला काय तोंड दाखवू? पदर तोंडाला लावून मी खांबाशी उभी राहिले, बस्स.

नणंद पूजेचं पाणी घेऊन आली. तिनं पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मामा, उठा. खाली कातडं हाय. मीच ठोकलंय.”

मामा ताडकन उठले. आडावर जाऊन पुन्हा आंघोळ केली, बाहेर ओट्यावर पूजा उरकली, आणि घोटभर पाणीही न घेता मंडळी स्टेशनाकडे चालू लागली. सासूबाई मटकन खाली बसल्या.

“गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?” हे मी म्हणाले. मी! जीभ कशी झडली नाही माझी?

तिनं पाट उलटा केला, कातड्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“एक खिळा निसटलाय, वैनी. हातोडी दे की.”

मी हातोडी दिली. तिनं हात पुढं केला होता, पण मला मान वर करता येईना.