घातांकाची रांगोळी

लग्न होऊन मी अकोल्याला जठारपेठेत आले, तेव्हा माझी मॅट्रिक राहूनच गेली होती. नवरा शाळेत गणित शिकवायचा. म्हणाला, "घरून परीक्षा दे, मी शिकवतो तुले." सासऱ्यांचा फुलांचा मळा होता. सकाळी सासूबाई आणि मी ओसरीवर हार ओवायचो. हा शाळेत जाईपर्यंत समोर बसून मला शिकवायचा.

शाळेत गणित नुकतंच इंग्रजीतून मराठीत आलं होतं आणि नव्या शब्दांचं त्याला भारी कौतुक. एकदा सासूबाई विहिरीवर गेलेल्या. हा मोठ्यानं म्हणाला, "आता पाचाचा घात कर."

घरात आम्ही माणसं पाचच. सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "काहून रे, कोनाचा घात करून राहिले तुमी?"

"माय, पाचाले पाचानंच गुनलं का त्याले घात म्हनतात."

"मंग गुनाकार म्हन ना! भरल्या घरात असं बोलू नोको."

तेव्हापासून तो शब्द बंद. आम्ही नुसतं 'वरचा आकडा' म्हणू लागलो.

पण वरचा आकडा माझ्या हातून वर राहीच ना. टाकाचं निब जाड, आकडा फुगायचा आणि घसरून शेजारी बसायचा. दहा हजार घातांकात लिही म्हटल्यावर मी लिहिलं ते दिसलं १०४. नवऱ्यानं सरळ फुली मारली.

"मले येते हे!" मी म्हणाले. "चार दहा एकमेकांले गुनाचे."

"येते, पन लिहिलं तं एकशे चार. तपासनारा घरी येऊन विचारनार हाये काय तुले?"

त्या रात्री मी त्याला वाढलं, पण बोलले नाही.

सकाळी सडा घातला, रांगोळी घेतली आणि मोठा थोरला दहा काढला. चिमटीतून हवा तेवढा बारीक चार पडला, दहाच्या उजव्या खांद्यावर. मग पाच, सहा, सात. अंगण भरलं. शेजारीण थबकली. "हे कोनतं व्रत वं बाई?"

"परीक्षेचं," सासूबाई म्हणाल्या. "पाय नोको देऊ त्याच्यावर."

नवरा बाहेर आला आणि सायकलीपर्यंत उड्या मारत, एकेक आकडा वाचत गेला. मला हसू आवरेना. अबोला संपला.

परीक्षा अमरावतीला झाली. परतताना बडनेऱ्याला गाडीची वाट बघत मी विचारलं, "दोनावर शून्य म्हंजे शून्यच ना?"

"एक."

"वर काहीच नाही, तं एक कुठून आला?"

"दोनावर तीन आठ, दोनावर दोन चार, दोनावर एक दोन. दरवेळी निम्मं होते. आता दोनाचं निम्मं कर."

"एक," मी म्हणाले, आणि संत्रं सोलता सोलता थांबले. "मंग चुकलं माझं."

"एकच चुकलं ना? खा संत्रं."

पास झाले. सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. गणितात मार्क भरपूर पडले. जेमतेम वाचले ते इंग्रजीत.