एका खांद्याचे सहा

समोरच्याला काही विचारायचं असलं की ते आधी खांद्यावरचं उपरणं काढत आणि त्याच्या हातावर टाकत. मग उपरण्याखाली त्याची बोटं आपल्या मुठीत घेऊन म्हणत, "हं, बोला पाव्हणं." बैलबाजारात सौदा असाच चालतो. भोवती माणसांचा गराडा असला तरी किंमत कुणाच्या कानावर जात नाही, ज्याची बोटं दाबली त्यालाच कळते. पण हे गृहस्थ डोकेदुखीची गोळी मागतानाही माझ्या हातावर उपरणं टाकत. मी तेव्हा पौडच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गोळी फुकटच मिळायची, तेव्हा तीत दाबादाबी करण्यासारखं काय होतं ते मला कधी कळलं नाही.

ते सगळ्या जगाला 'पाव्हणं' म्हणत, म्हणून सगळं पौड त्यांना पाव्हणे म्हणायचं. मीही तेच म्हणतो. उमेदीच्या वर्षांत त्यांनी बैलांची दलाली केली. ताम्हिणीपासून मुठ्यापर्यंत कुणाच्या गोठ्यात कुठला बैल मारका, कुठला आळशी, हे त्यांना तोंडपाठ होतं. माणसांबद्दलही ते त्याच भाषेत बोलत. आमच्या डॉक्टरांना त्यांनी 'चालीचा हाय, पन लवकर दमतो' असं प्रमाणपत्र दिलं होतं. मला काय दिलं होतं ते मी विचारायला गेलो नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर या माणसाने मोटार घेतली. लढाईच्या आधीची, अमेरिकन, सहा सिलिंडरची, आणि बसायला जवळजवळ आमच्या दवाखान्याएवढी ऐसपैस. ती पौड ते पुणे उतारू नेई. एस.टी. होती, पण सकाळची गेली की पुढची केव्हा येईल ते तिचं तिलाच ठाऊक. त्यामुळे अडल्यानडल्याला पाव्हण्यांची मोटार हाच आधार होता.

आधार होता, पण तो धूर फार सोडायचा. मोटार कासार आंबोलीला पोहोचली की तिचा निळा धूर पौडातून दिसतो, असं लोक म्हणत. पेट्रोलपेक्षा तिला ऑईल जास्त लागे. आणि पिरंगुटचा घाट आला की ती मान टाकायची. पाव्हणे घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवत आणि आपण काही मेहेरबानी करतोय अशा थाटात मागे वळून म्हणत, "उतरा पाव्हणं, जरा पाय मोकळे करा." मग सगळे उतारू गाठोडी सावरत घाट चढायचे आणि रिकामी मोटार धापा टाकत त्यांच्यामागून यायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की घाट दिसला की हात आपोआप दाराच्या कडीकडे जायचा.

त्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला दिवस गेलेले होते. आधीचं आमचं मूल बाळंतपणातच गेलं होतं आणि तीही थोडक्यात वाचली होती. या वेळी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की कळा सुरू झाल्या की इथे थांबायचं नाही, थेट पुणं गाठायचं. पुण्यात आमच्या नात्यातलं घर नव्हतं, की तिला महिनाभर आधी नेऊन ठेवावं. मी पाव्हण्यांकडे गेलो. त्यांनी त्या वेळी उपरणं टाकलं नाही, छातीला हात लावला. "ताईला मी नेनार. तुमी घोर करू नगा," म्हणाले.

मी निर्धास्त झालो. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या शेडवरून जाताना पाहतो तो मोटारीचं इंजिन सुटं होऊन गोणपाटावर पसरलेलं. मी धावतच आत गेलो. पाव्हणे मात्र घरात बारसं असल्यासारखे प्रसन्न होते. ताईला न्यायचं म्हणजे गाडी धडधाकट नको का, म्हणून खोललं, असा त्यांचा खुलासा होता.

पुण्याहून आलेला एक मिस्त्री तिथे बसला होता. त्याने मला समजावलं. सहाही सिलिंडर झिजून सैल झालेत, ते आतून कातून थोडे मोठे करायचे आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. पण आधी पिस्टन हातात हवेत, मग त्यांच्या मापाने कातायचं. म्हणजे सगळं घोडं पिस्टनपाशी अडलं होतं. असल्या जुन्या गाडीचे पिस्टन परदेशातून येणं बंद झालेलं, दुकानात जे पडून असतील तेच.

पाव्हणे ऐटीत पुण्याला गेले आणि पिस्टन घेऊन आले. जन्मभर बैल पारखलेला माणूस, पिस्टनही त्यांनी तसेच पारखले होते. अंगावरून हात फिरवला, टिचकी मारून आवाज घेतला, उन्हात धरून कांती पाहिली. सहाही चांदीसारखे चकचकीत. मिस्त्रीने एक सळई घेतली आणि सहाही पिस्टनांच्या पिनांच्या भोकांतून ओवली. पाच डोकी एका रेषेत राहिली. सहावं बोटाच्या पेराएवढं वर आलं. तो पिस्टन दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा होता.

पाव्हणे खाली बसले. शिंगं साळून, तेल लावून म्हातारा बैल गळ्यात मारतात, तसं कुणी त्यांच्या बाबतीत आयुष्यात केलं नव्हतं. सळईकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्ये तर जू हाय. आन् ह्या भाद्दराचा खांदा वर हाय." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला आणि एवढे हसले, की मिस्त्रीलाही हसू आवरेना.

मला हसू येत नव्हतं. मिस्त्री म्हणत होता, की त्या सहाव्याचं डोकं कातून पाचांच्या बरोबरीला आणता येईल. आणलं तर पातळ होईल, पण चालेल काही दिवस. मी म्हटलं, मग बसवा की. मला काही दिवसच हवे होते. नव्हे, एकच दिवस हवा होता. माझा आवाज चढला. पारख करत बसायला हा काय बैलपोळा आहे का, असंही बोलून गेलो.

पाव्हणे रागावले नाहीत. सळईवरून तो सहावा पिस्टन काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाव्हणं, जोडीतला एक बैल दगा देतो तवा तो घरी देत न्हाई, चढाला देतो. आन् चढाला गाडीत ताई असनार हाय."

मी पिस्टन परत दिला.

दुसऱ्या दिवशी मला दवाखान्याची औषधं आणायला पुण्याला जायचंच होतं. पाव्हणे आणि मी एस.टी.ने बरोबर गेलो. पिस्टनचा दुकानदार चष्मा लावलेला, काटकुळा, शब्द मोजून बोलणारा. सुटा एक पिस्टन देणार नाही, म्हणाला. एका खोक्यातले सहा आहेत, सारख्या मापाचे, या मोटारीचेच. घेतले तर सगळे घ्या. आणि विकलेला माल परत घेत नाही. पाव्हण्यांनी शांतपणे उपरणं काढलं आणि त्याच्या हातावर टाकलं. दुकानदार असा दचकला, की त्याचा चष्माच खाली आला. त्याला वाटलं, हा माणूस आपल्याला गुदगुल्या करतोय. त्याने हात काढून घेतला, पाव्हण्यांनी पुन्हा धरला. गिऱ्हाइकं जमली. शेवटी मी मध्ये पडून त्याला ही कोणती भाषा ते समजावलं, आणि बोटं रुपयांची नाहीत, आमच्या मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाच्या पायल्यांची आहेत, हेही सांगितलं.

आंबेमोहोर म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा पालटला. त्याने आपण होऊन हात पुढे केला. मग बराच वेळ उपरण्याखाली काहीतरी चाललं होतं. शिकाऊ असूनही तो शेवटीशेवटी असा रंगला, की पाव्हण्यांची बोटं तोच दाबू लागला. जुने सहा आणि तांदूळ देऊन नवे सहा आले. सौदा कितीला पटला ते मला आजतागायत माहीत नाही, पण दुकानदार आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडेना.

या वेळी पाव्हण्यांनी दुकानातच सळई मागून घेतली. सहाही डोकी एका रेषेत. तरी समाधान झालं नाही. पौडला आल्यावर वाण्याच्या तागडीत एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरा अशी जोडी लावून त्यांनी वजनं तोलली. भर बाजारात गर्दी जमली. एक किंचित जड भरला, तो मिस्त्रीने आतून कानशीने घासून बरोबरीला आणला. पाव्हणे तागडीचा काटा पाहून म्हणाले, "आता सहा न्हाईत, एकच हाय."

इंजिनाचा तो लोखंडी ठोकळा कातायला पुण्याला कशातून नेला म्हणाल, तर बैलगाडीतून. पाव्हण्यांनी सगळे बैल विकले तरी एक जोडी ठेवली होती. मोटारीला बैलगाडीत बसून पुण्याला जाताना पाहून गावाने जी चेष्टा केली, ती पाव्हण्यांनी स्वतः सगळ्यांत जास्त केली.

इंजिन बसलं, सुरू झालं. आवाज असा, की मी दोनदा विचारलं, चालू आहे ना? आता मिस्त्रीने आणखी एक पाचर मारली. पिस्टन नवे आहेत, काही दिवस गाडी अगदी हळू चालवायची, दामटायची नाही. आणि हे दिवस सरायच्या आतच माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. सकाळची एस.टी. नुकतीच गेली होती.

पाव्हणे धुतलेला सदरा घालून आले. मागे बायको आणि शेजारच्या काकू, पुढे मी. ज्या माणसाने जन्मभर बैलगाडी हाणली, तो त्या दिवशी नव्या वासराला चालायला शिकवावं तशी चालवत होता. मी घायकुतीला आलो होतो. मागून कण्हण्याचा आवाज आला की मी त्यांच्याकडे बघायचो. ते रस्त्यावरून नजर न काढता मागे सांगायचे, "पोरी, दम धर. मी बी धरलाय."

पिरंगुटचा घाट आला. माझा हात सवयीने कडीवर गेला. दार अर्धवट उघडलंही. पाव्हण्यांनी डावा हात लांब करून ते ओढून घेतलं.

"बसा, पाव्हणं. आज कुनी उतरायचं न्हाई."

गाडी चढायला लागली. थांबली नाही, गुरगुरली नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मी मागे पाहिलं तर धूर नव्हता, नुसता रस्ता दिसत होता. माथ्यावर आल्यावर पाव्हण्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. त्यांच्या मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या. तेव्हा मला कळलं, की इतका वेळ ते घाबरलेले होते.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. पाव्हणे दिवसभर इस्पितळाच्या आवारात झाडाखाली बसून होते. मी जाऊन सांगितलं तसे ते धडपडत उठून उभे राहिले. मग मीच त्यांच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं आणि म्हटलं, "हं, बोला पाव्हणं. भाडं किती?"

उपरण्याखाली त्यांनी माझं एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून ठेवला, घट्ट. "झाला सौदा," एवढंच म्हणाले. असा माझा हात कुणी धरला नाही, आईनंतर.

पुढे माझी बदली झाली. एस.टी.च्या फेऱ्या वाढल्या. पाव्हण्यांच्या मोटारीला गिऱ्हाईक राहिलं नाही, तरी ते ती रोज पुसत, असं कानावर यायचं. आमची मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी निरोप धाडला होता, की पोरीला घेऊन या, चाल बघू दे. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं, आणि मग ते गेल्याचंच कळलं.

त्यांच्या दहाव्याला मुलीला घेऊन गेलो. मोटार शेडमध्ये उभी होती, बॉनेटवर त्यांचं उपरणं घडी करून ठेवलेलं. परत येताना एस.टी.त माणसं दाटीवाटीने बसली होती. पिरंगुटचा घाट आला आणि मी जागेवरून उठलो. कंडक्टर म्हणाला, "काय ओ, हितं उतरायचं हाय का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि खाली बसलो.

"नाही," मी म्हटलं. "आज कुणी उतरायचं नाही."